मोटारींतील पिवळा दिवा

सकाळच्या घाईंत मोटार चालू करावी, फाटकाबाहेर काढावी, आणि समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा पेटलेला दिसावा, हा प्रसंग मोटार बाळगणाऱ्या बहुतेक कुटुंबांवर केव्हां ना केव्हां येतोच. गाडी तर नेहमींप्रमाणें चालत असते. आवाजांत फरक नाहीं, वेगांत फरक नाहीं. मग हा दिवा कशाचा? येथें माणसांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग घाबरतो, गाडी तडक गॅरेजांत नेतो आणि ‘काय लागेल तें बदला, पण दिवा घालवा,’ असें सांगून मोकळा होतो. दुसरा वर्ग, गाडी चालते आहे तोंवर दिव्याकडे पाहण्याचें कारण नाहीं, अशा समजुतीनें महिनेच्या महिने तसाच हिंडतो. पहिल्याचा पैसा व्यर्थ जातो. दुसऱ्याची गाडी, आणि तिच्या मागून चालणाऱ्यांचीं फुप्फुसें, व्यर्थ झिजतात. दोघांच्याहि चुकीचें मूळ एकच आहे. तो दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें दोघांनाहि ठाऊक नसतें.

तापमापकावर पारा १०२ अंशांवर चढला, एवढ्यावरून कोणी शहाणा वैद्य औषध लिहून देत नाहीं. ताप हें लक्षण आहे. तो हिंवतापाचा, विषमज्वराचा कीं साध्या पडशाचा, हें ठरविण्यासाठीं नाडी पाहावी लागते, जीभ पाहावी लागते, चार प्रश्न विचारावे लागतात. मोटारीच्या पिवळ्या दिव्याचेंहि तसेंच आहे. तो लक्षण दाखवितो. रोगाचें नांव सांगत नाहीं. त्या लक्षणापासून रोगापर्यंतची वाट कशी चालावी, हें एकदां समजलें म्हणजे घाबरण्याचेंहि कारण उरत नाहीं आणि दुर्लक्ष करण्याचेंहि उरत नाहीं.

हा दिवा मोटारींत आला तो चालकाच्या सोयीसाठीं नव्हे, तर हवेच्या रक्षणासाठीं, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेविली पाहिजे. १९४३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजल्स शहरावर एके दिवशीं असा दाट, डोळ्यांची आग करणारा धुरकट पडदा उतरला कीं, युद्धाचे दिवस असल्यामुळें शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी शंका लोकांस आली. पुढें त्याच भागांतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत या पडद्याचें रहस्य उकलून दाखविलें. न जळलेल्या पेट्रोलाचीं द्रव्यें आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें सूर्यप्रकाशांत एकत्र आलीं म्हणजे त्यांपासून ओझोन व इतर दाहक पदार्थ निपजतात. आणि हीं दोन्ही द्रव्यें मोटारींच्या धुरांतून विपुल बाहेर पडत होतीं. शत्रु शहराबाहेरून आलेला नव्हता. तो घरोघरच्या दाराशीं उभा होता.

यावर उपाय म्हणून अमेरिकेंत १९७५ च्या नमुन्याच्या बहुतेक गाड्यांपासून धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें उपकरण बसूं लागलें. भारतांत तें १९९५ च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल-मोटारींस सक्तीचें झालें. या उपकरणास शिशाचें वावडें असतें; म्हणून त्याबरोबरच तेथें शिसेंविरहित पेट्रोल आणावें लागलें आणि २००० सालीं साऱ्या देशांतील पेट्रोलांतून शिसें हद्दपार झालें.

परंतु उपकरण बसविलें एवढ्यानें काम भागत नाहीं. गाडी कारखान्यांतून निघतांना स्वच्छ असते. पांचसहा वर्षांनीं तिचा एखादा भाग बिघडला तर धूर कित्येक पटींनीं वाढतो, तरी चालविणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं. विषारी वायु बहुधा अदृश्य असतात आणि गाडी पूर्वीसारखीच पळत असते. तेव्हां गाडीवर पहारा ठेवण्याचें काम गाडीकडेच सोंपवावें, असा विचार कॅलिफोर्नियांत पुढें आला. १९८८ च्या नमुन्यापासून तेथील गाड्यांत असा पहारा सुरू झाला. त्याची अधिक कडक आवृत्ति १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस लागू झाली. भारतांतहि त्या धर्तीची व्यवस्था २०१३ पासून नव्या मोटारींत आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ या नियमांनीं ती अधिक काटेकोर केली. पिवळा दिवा हा या पहारेकऱ्याचा कंदील होय.

आतां हा पहारेकरी कशावर नजर ठेवतो तें पाहूं जातां प्रथम ज्वलनाचा हिशेब समजला पाहिजे. एक किलो पेट्रोल पुरतेपणीं जाळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास ती थोडी कमी पुरते, कारण शुद्ध एथेनॉलाच्या किलोमागें ९ किलो हवाच बस होते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा घातक वायु होतो. हवा जास्त झाली तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्त करणें कन्व्हर्टरास अशक्य होतें. हें कन्व्हर्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची, पक्क्या मातीची अथवा धातूची एक वीट असते. तिच्या छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मोलवान धातूंचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. वीट अडीचशें-तीनशें अंश सेल्सियसच्या वर तापली म्हणजे तिच्यांतून जाणारा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलें पेट्रोल यांचें ज्वलन पुरें होतें आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतील प्राणवायु सुटून निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. पण हीं दोन्ही कामें एकाच वेळीं साधण्यास हवा व पेट्रोल यांचें प्रमाण त्या नेमक्या आंकड्याच्या अगदीं जवळ राहावें लागतें. थोडें इकडे झालें तर एक काम बिघडतें, थोडें तिकडे झालें तर दुसरें.

हें प्रमाण राखण्यासाठीं धुराच्या नळींत, कन्व्हर्टराच्या पुढें, प्राणवायूचा एक संवेदक बसविलेला असतो. मिस्त्री लोक त्यास ‘ऑक्सिजन सेन्सर’ म्हणतात. झिर्कोनियमच्या ऑक्साइडाची ही लहानशी टोपी तापली म्हणजे तिच्या आंतील व बाहेरील प्राणवायूच्या फरकामुळें थोडासा विजेचा दाब उत्पन्न होतो. धुरांत प्राणवायु कमी, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर तो सुमारें ०.९ व्होल्ट भरतो. प्राणवायु जास्त असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. पुष्कळ नव्या गाड्यांत याहून सूक्ष्म मोजमाप करणारा संवेदक असतो, परंतु काम तेंच. गाडींतील संगणक हें वाचून पेट्रोलाची मात्रा क्षणोक्षणीं कमीजास्त करतो आणि किती टक्के वाढवावी अथवा घटवावी लागली त्याची नोंद ठेवतो. या नोंदीस गॅरेजांत ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ती शून्याच्या आसपास पांचदहा टक्क्यांत खेळत असेल तर प्रकृति ठीक समजावी. वीस-पंचवीस टक्के भर सतत घालावी लागूं लागली कीं संगणक समजतो, कोठें तरी पाणी मुरतें आहे.

कन्व्हर्टराच्या मागेंहि दुसरा एक संवेदक असतो. त्याचें मुख्य काम कन्व्हर्टराची परीक्षा घेणें हें होय. चांगलें कन्व्हर्टर प्राणवायु सांठवून ठेवतें व लागेल तसा सोडतें. त्यामुळें पुढच्या संवेदकाचा आंकडा वरखालीं नाचत असला तरी मागच्याचा जवळजवळ स्थिर राहतो. मागचाहि पुढच्याप्रमाणेंच नाचूं लागला, तर कन्व्हर्टराची सांठवण संपली असा संशय येतो.

हा पहारेकरी उतावळा नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. बहुतेक दोषांच्या बाबतींत एकदां विपरीत दिसलें कीं तो मनांत नोंद करून गप्प राहतो. पुढच्या फेरींतहि तेंच दिसलें तरच दिवा लावतो. पुढें लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाहीं तर दिवा आपोआप मालवतो आणि इंजिन चाळीस वेळां तापून निवेपर्यंत दोष परतला नाहीं तर टिपणहि पुसून टाकतो. दिवा प्रथम लागतो त्या क्षणीं गाडीचा वेग काय होता, इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती तापलें होतें, पेट्रोलाची भर किती चालली होती, याचें एक टिपणहि तो ठेवतो. निदान करणाऱ्यास हें टिपण फार मोलाचें असतें. कारण दोष थंड इंजिनांत दिसला कीं चढावर, एवढें कळलें तरी निम्मा शोध संपतो.

दिवा स्थिर जळत आहे कीं लुकलुकत आहे, याचा भेद मात्र चालविणाऱ्यानें स्वतः ओळखला पाहिजे. स्थिर पिवळा दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर कचेरी गांठून सवडीनें, पण त्याच आठवड्यांत, तपासणी करवावी. दिवा लुकलुकूं लागला तर गोष्ट निराळी. त्याचा अर्थ एखाद्या सिलिंडरांत ठिणगी वा ज्वलन चुकत आहे. आपल्याकडील मिस्त्री ज्यास ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात, तेंच हें. न जळलेलें पेट्रोल तसेंच कन्व्हर्टरांत शिरून तेथें पेट घेतें. वीट लाल होते आणि उष्णता फारच वाढली तर आंतील पोळें वितळून बसतें. अशा वेळीं वेग उतरवावा, भार कमी करावा, आणि गचके थांबत नसतील तर गाडी बाजूस घेऊन उभी करावी. दहा-वीस मैलांच्या हट्टापायीं गाडींतील सर्वांत महाग भागांपैकीं एकाची राख होते. तेलाच्या दाबाचा अथवा इंजिनाच्या उष्णतेचा तांबडा दिवा हा याहून वेगळा. तो लागला तर सुरक्षित जागा पाहून ताबडतोब इंजिन बंद करावें.

गॅरेजांत गेल्यावर मिस्त्री सुकाणूच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा पिनांच्या खोबणींत स्कॅनर लावतो आणि एक संकेत वाचून दाखवितो. एक अक्षर व चार आंकडे अशी त्याची घडण असते. ‘पी’ हें अक्षर इंजिन व त्याच्या जोडयंत्रांचें; दुसऱ्या जागीं शून्य असलें तर तो संकेत सर्व कंपन्यांस सामायिक आणि एक असला तर त्या कंपनीचा स्वतःचा; त्यापुढील आंकडा विभाग सांगतो. एक व दोन हे हवा-पेट्रोलाचे, तीन हा ठिणगीचा, चार हा धुरावरील नियंत्रणाचा. याच ठिकाणीं बहुतेकांची फसगत होते. संकेतांत ज्या भागाचें नांव आलें तो भाग बदलला कीं काम झालें, असें मालकास वाटतें, आणि घाईंत असलेल्या मिस्त्रीसहि तें वाटूं देणें सोयीचें पडतें. वस्तुतः संकेत एवढेंच म्हणतो कीं, अमुक ठिकाणचा आंकडा अपेक्षेबाहेर गेला. तो साक्षीदाराच्या जबानीसारखा आहे. निकाल देण्यापूर्वीं त्याची उलटतपासणी व्हावी लागते. ती कशी करतात तें तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण पी ०१७१ या संकेताचें. याचा अर्थ मिश्रणांत हवा जास्त होत आहे, पेट्रोल कमी पडत आहे. हें सांगतो कोण? प्राणवायूचा संवेदक. म्हणून पुष्कळ ठिकाणीं प्रथम संवेदकच बदलतात; दिवा पुसला जातो, आणि चार दिवसांनीं पुन्हां लागतो. वाईट बातमी आणणाऱ्या जासुदास शिक्षा करण्याचाच हा प्रकार. खरें पाहतां येथें संशयित चार आहेत. इंजिनाच्या ओढीनें हवा खेंचणारी एखादी रबरी नळी चिरली असेल. पेट्रोलाचा पंप थकला अथवा गाळणी तुंबली असेल. आंत येणारी हवा मोजणारें यंत्र धुळीनें माखून कमी मोजत असेल. किंवा संवेदकाच्या अलीकडे धुराच्या नळीस भेग पडून बाहेरची हवा आंत शिरत असेल व संवेदक बिचारा खरें तेंच सांगत असेल. यांतून निवड कशी करावयाची? गाडी उभी ठेवून, इंजिन मंद चालत असतां पेट्रोलाची भर पाहावी. मग फेरे मिनिटास २५०० पर्यंत चढवून पुन्हां पाहावी. मंद असतां भर वीस टक्के आणि फेरे चढतांच पांचांवर उतरली, तर नळींतून हवा शिरत असण्याचा संभव मोठा. कारण मंद इंजिन हवा थोडी घेतें, त्यांत भेगेची हवा पुष्कळ ठरते. जोरांत चालणारें इंजिन एवढी हवा घेतें कीं भेगेची हवा तींत लुप्त होते. उलट, मंद असतां सर्व ठीक आणि चढावर भर वाढत असेल, तर पंप, गाळणी अथवा हवा मोजणारें यंत्र तपासावें. नळीची भेग डोळ्यांस दिसत नसेल तर आंत धूर सोडून तो कोठून निघतो हें पाहतां येतें. एवढ्या तपासणीस फार वेळ लागत नाहीं, आणि पुष्कळदां एका स्वस्त रबरी नळीवर काम भागतें.

दुसरें उदाहरण पी ०३०१ चें: पहिल्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें आहे. हें संगणकास कळतें कसें, याचें नवल वाटेल. प्रत्येक ज्वलनाबरोबर इंजिनाच्या मुख्य दांड्यास एक धक्का मिळून त्याचा वेग किंचित् वाढतो. दांड्यावरील दांतेरी चाकाचे दांत मोजणारा संवेदक हा फरक टिपतो. एका सिलिंडराची पाळी येतांच वेग वाढण्याऐवजीं घसरला, कीं दोषी कोण तें समजतें. परंतु दोष प्लगाचा, ठिणगी देणाऱ्या कॉइलचा, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कीं झिजलेल्या व्हॉल्व्हचा, हें त्यास कळत नाहीं. ज्या गाडींत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असते तेथें एक फार सोपी युक्ति आहे. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडराची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी व गाडी चालवून पाहावी. आतां संकेत पी ०३०२ असा आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर हलला, तर कॉइलच अपराधी. पी ०३०१ हाच कायम राहिला तर कॉइल निर्दोष. प्लग, इंजेक्टर व शेवटीं सिलिंडरांतील दाब, असा शोध पुढें न्यावा. या युक्तींत नवा भाग एकहि विकत घ्यावा लागत नाहीं. पावसाळ्यांत, विशेषतः गाडी पाण्यांतून गेल्यावर अथवा इंजिन पाण्यानें धुतल्यावर, असा दोष एकाएकीं उद्भवला, तर प्लगाच्या खांचेंत शिरलेलें पाणी हें कारण आधीं तपासावें.

तिसरें उदाहरण सर्वांत खर्चाचें: पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टराचें काम अपेक्षेपेक्षां कमी. हा संकेत ऐकून मालकाचा चेहरा उतरतो, कारण नवें कन्व्हर्टर म्हणजे मोलवान धातूंची किंमत. येथें दोन प्रश्न विचारल्यावांचून पैसा खर्चूं नये. पहिला प्रश्न: कन्व्हर्टर खरोखर गेलें आहे काय? धुराच्या नळीची गळती अथवा मागच्या संवेदकाचा बिघाड यांमुळेंहि हाच संकेत येऊं शकतो. दुसरा प्रश्न: गेलें असल्यास कशानें गेलें? कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणानें मरत नाहीं. झिजलेल्या इंजिनांत तेल जळत असेल तर त्या तेलांतील फॉस्फरस त्याच्या धातूंवर लेप चढवितो. इंजिन थंड ठेवणारें पाणी आंत झिरपत असेल तर त्यांतील द्रव्यांचा कीट बसतो. किंवा मागें कधीं लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष झालेलें असतें. हें मूळ कारण तसेंच ठेवून नवें कन्व्हर्टर बसविणें म्हणजे गळक्या छपराखालीं नवी सतरंजी अंथरणें होय.

डीझेलच्या गाड्यांची व्यथा थोडी निराळी. २०२० नंतरच्या डीझेल-मोटारींत काजळी पकडणारी एक गाळणी असते. सांचलेली काजळी सहाशें अंशांच्या आसपासच्या उष्णतेंत अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि ती उष्णता मिळण्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ सलग धांवावी लागते. रोज घर ते बाजार एवढीच फेरी करणाऱ्या डीझेल-गाडीची गाळणी म्हणूनच तुंबते व दिवा लागतो. येथें दोष यंत्राचा नसून वापराचा असतो. आणि तो वेळींच ओळखला तर महामार्गावरील एका सलग प्रवासानेंहि पुष्कळदां दूर होतो.

आतां राहिला एक प्रश्न. स्कॅनरच्या एका बटनानें दिवा मालवतां येतो. मग तोच मार्ग कां धरूं नये? कारण त्या बटनानें दोष जात नाहीं, पुरावा जातो. दिवा लागल्या क्षणाचें टिपण पुसलें जातें आणि संगणकानें प्रत्येक भागाची घेतलेली परीक्षाहि रद्द होऊन ती पुन्हां प्रथमपासून सुरू होते. कॅलिफोर्नियांत वाहनांच्या सक्तीच्या तपासणींत ही लबाडी चालत नाहीं. परीक्षा अपुऱ्या आढळल्या कीं तपासनीस ओळखतो कीं हा दिवा नुकताच पुसलेला आहे, आणि गाडी परत पाठविली जाते. भारतांतील पीयूसी या नांवानें परिचित असलेल्या तपासणींत मुख्यतः उभ्या गाडीच्या नळींतील धूर मोजतात. ती आवश्यक आहे, परंतु ती मोजते त्या दोन-चार मिनिटांचा धूर. गाडींतील पहारेकरी पाहतो तो वर्षभर, चढउतारांवर, थंडींत व उन्हांत. एक प्रमाणपत्र खिशांत आहे म्हणून दुसऱ्याची साक्ष खोटी ठरत नाहीं.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें तर या दिव्याशीं ओळख करून घेतलीच पाहिजे. किल्ली फिरवून, इंजिन चालू न करतां, पट्टीकडे पाहावें. त्या वेळीं हा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर मालवला पाहिजे. तो मुळींच लागला नाहीं, तर दिवा बिघडलेला असेल अथवा कोणी तरी साक्षीदाराचें तोंडच बांधून ठेवलें असेल. स्कॅनर लावून परीक्षा पुऱ्या झालेल्या आहेत कीं नाहींत हेंहि विचारावें. बऱ्याचशा अपुऱ्या असतील, तर सौदा चार दिवस लांबणीवर टाकून गाडी थोडी चालूं द्यावी व पुन्हां पाहावें.

गॅरेजांत नेहमीं जाणाऱ्या मालकानें तीन गोष्टींचा आग्रह धरला तर पुष्कळ खर्च वांचेल. संकेत पुसण्यापूर्वीं तो संकेत व त्याच्याबरोबरचें टिपण कागदावर उतरवून घ्यावें. कोणताहि भाग बदलण्यापूर्वीं, ‘हाच भाग दोषी हें कोणत्या चांचणीनें ठरलें?’ असा प्रश्न शांतपणें विचारावा; चांगल्या मिस्त्रीस त्याचा राग येत नाहीं, उलट आपल्या विद्येची कदर करणारें गिऱ्हाईक भेटलें म्हणून आनंदच होतो. आणि दुरुस्तीनंतर, ज्या परिस्थितींत दिवा प्रथम लागला होता, थंड सकाळ असो, घाट असो, त्याच परिस्थितींत गाडी चालवून खात्री करावी.

लॉस एंजल्सचा तो धुरकट पडदा कोणा एका गाडीनें विणलेला नव्हता. लाखों गाड्यांचा थोडा थोडा धूर त्यांत होता. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरील हवेचाहि हिशेब असाच थोड्याथोड्यानें वाढतो, आणि थोड्याथोड्यानेंच कमी होऊं शकतो. शाळेच्या फाटकाशीं मुलाला सोडावयास आलेली गाडी सुरूच ठेवलेली असते. तिच्या धुराची नळी आणि मागें उभ्या असलेल्या मुलाचें नाक यांत अंतर हातभराचें असतें. त्या गाडींतील पिवळा दिवा पेटला आहे कीं विझला आहे, हें त्या मुलास दिसत नाहीं. तें दिसतें फक्त सुकाणूवर बसलेल्यास.